विहिरीतील वारसांचा वाटा

आगाशीच्या सुकेळ्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. राजेळी केळी वाळवून ती होतात. परंतु त्या गोडीचे मूळ विहिरीत आहे. समुद्रकाठच्या या भूमीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. बैलांच्या रहाटाने उपसा बेताचा होई. बावखलांत साठलेला पाऊस मुरून तूट भरून निघे. पुढे पंप आले, आणि 1980च्या दशकात वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. गोडा थर पातळ झाला की खारे पाणी वर चढते व बागा जळतात. पैसा मूठभरांच्या पदरात पडतो. खारटपणा मात्र साऱ्या गावाच्या वाट्यास येतो. या लुटीविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’चा लढा उभा राहिला.

त्या लढ्याचा प्रश्न आजही जिवंत आहे. विहीर ज्याच्या अंगणात, तिचे सारे पाणी त्याचेच काय? भूगर्भातील पाणी कोणाचा बांध ओळखत नाही. ज्यांना आज मत नाही, त्या अजून न जन्मलेल्यांचाही त्यात वाटा आहे. म्हणून विक्रीसाठीचा उपसा थांबला पाहिजे, बावखले बुजता कामा नयेत. हे पुढच्या पिढीस दान नव्हे. तिचे देणे आहे.