वांग्याचा भाव काय होता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पत्रकारितेच्या मुलांना मी काय शिकवतो, ते सांगायला मला उभे केले आहे. खरे तर त्याचे श्रेय समोर बसलेल्या आपल्या मराठीच्या बाईंचे.

आठवीत बाईंनी ‘आठवडी बाजार’ हा निबंध दिला होता. मी मार्गदर्शकातून उतरवला. रंगीबेरंगी दुकाने, माणसांचा महापूर, सगळे आले. बाईंनी विचारले, “वांग्याचा भाव काय होता रे?” मी गप्प. वहीवर लाल शाईने शेरा पडला : ‘बाजारात जाऊन ये, मग लिही.’

तो शेरा मी पुढे विसरलो. एका वर्तमानपत्रात उमेदवारी करत असताना शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली. मी ठाण्यात फोन केला आणि ‘घरगुती कारणावरून’ असे लिहून आठ ओळी दिल्या. चार दिवसांनी त्याचा भाऊ सातबारा आणि बँकेची नोटीस घेऊन कार्यालयात आला. “साहेब, तुम्ही आमच्या घरी आला होतात का?” एवढेच त्याने विचारले. अशा कुटुंबाला सरकारची एक लाखाची मदत मिळते. प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हा समिती कागद पाहून ठरवते, बातमी पाहून नाही. पण गावाने माझीच बातमी खरी मानली होती. दुरुस्ती छापली, ती आतल्या पानावर, कोपऱ्यात. त्या बाईच्या कपाळी आलेला बोल काही तिने पुसला नाही.

पुढे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीत बसायची वेळ आली, तेव्हा जुना आराखडा समोर होता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, हे प्रत्येक मुलाला पाठ. पण गावात जाऊन बातमी न आणताही पदवी मिळायची. इतिहास हवाच. पण पोहायचे शिकवताना फळ्यावर नदी काढून भागत नाही.

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास असतात. ते तास आम्ही वर्गाबाहेर काढले. पहिले काम आठवडी बाजाराचे : दीडशे शब्द, आणि प्रत्येक भाव दोन विक्रेत्यांकडून विचारलेला. दुसरे ग्रामसभेचे : कोण बोलले, आणि कोणाला बोलू दिले नाही. तिसरे पैसेवारीचे. ती ५० पैशांच्या खाली आली की टंचाई, हे सगळे छापतात. पण हा आकडा येतो कुठून? त्यासाठी मुलांनी पीक कापणी प्रयोगाच्या वेळी शेतात उभे राहायचे. दुःखाच्या घरी जायचे काम सगळ्यात शेवटी. आधी शेजाऱ्यांशी बोलायचे, कागद पाहायचे, घरच्यांनी नको म्हटले तर परत फिरायचे.

आणि गुण पहिल्या मसुद्याला नाहीत, तिसऱ्याला. अडचण इथेच आहे. ३० मुले, प्रत्येकी १० बातम्या, तीन-तीन मसुदे : ९०० वह्या-कागद लाल शाईने तपासायचे. अभ्यासक्रम कागदावर मंजूर होतो. तो चालतो तो तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर. बाई, आमच्या साठ जणांच्या वह्या तुम्ही कशा तपासल्यात, ते आता कळते.

म्हणून मित्रांनो, एक मागणे. आपल्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी तहसिलात, कोणी बाजार समितीत. पालमचे किंवा जिंतूरचे एखादे पोरगे वही घेऊन दारात आले, तर त्याला ‘नंतर ये’ म्हणू नका. कागद कसा वाचायचा ते दाखवा. त्याने चुकीचे लिहिले तर मला फोन करा. मी त्याला परत पाठवीन.

आणि बाई, परवा मी मुद्दाम बाजारात जाऊन आलो. वांग्याचा भाव दोन ठिकाणी विचारला आहे. खाली उतरलो की सांगतो.