एका मताचा पाळक



दीक्षान्त भाषणाला बाप्तिस्त पाळक बोलावून प्राचार्यांनी जरा धाडसच केलंय. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण लवकरच तान्ह्या बाळांच्या कपाळावर पाणी शिंपडणार आहात. आम्ही बाळाला नुसता आशीर्वाद देतो. ते मोठं होऊन स्वतःच्या तोंडाने मागेल, तेव्हाच त्याला पाण्यात पुरतं बुडवून बाप्तिस्मा देतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा त्यात बाप्तिस्तही होते, आणि दोन्ही रीती एका छपराखाली ठेवायचं ठरलं. आमची मंडळी त्या छपराखाली नाही. मुंबईच्या उपनगरात, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी आमची लहानशी मराठी मंडळी. नागालँडात बाप्तिस्त म्हटलं की कुणी वळून बघत नाही. महाराष्ट्रात मात्र मला आधी अर्धा तास आपण कोण ते सांगत बसावं लागतं.

सरत्या वर्षाबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलंय. या वर्षात मी जे काही ठरवलं, त्यातलं बरंचसं मंडळीने मोडलं. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे बिशप नाही. वरून आदेश येत नाही. हॉलचं भाडं, नवा सभासद, पाळकाची नेमणूक, सगळं मंडळीच्या सभेत हात वर करून ठरतं. त्या सभेत पाळकाला एकच मत. कोपऱ्यातल्या बाकावर बसून बटाटे सोलत ऐकणाऱ्या मावशींनाही एकच. (नाताळच्या आधीच्या सभेत आमच्याकडे खरंच बटाटे सोलले जातात.) ग्रीक आणि इब्री शिकून आलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जातं. मला अजूनही जातं.

वर्षाच्या आरंभी एका आजींनी बाप्तिस्मा मागितला. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली, चार पावलं चालायलाही आधार लागायचा. डॉक्टर म्हणाले, गार पाण्यात अजिबात नको. मी सभेत मांडलं की पाण्याचा आग्रह सोडू, त्यांचा विश्वास आपण ऐकला आहे, त्यांना सभासद करून प्रभुभोजनाला घेऊ. पाठीशी जॉन बनियन होता. बेडफर्डच्या तुरुंगात 12 वर्षं काढून आलेल्या या माणसाने 1673 साली स्वतःच्याच बाप्तिस्त लोकांशी भांडून लिहिलं होतं, की पाण्याच्या बाप्तिस्म्याबद्दल मतभेद असले तरी त्यापायी कुणाला प्रभूच्या मेजापासून अडवू नये. आणि आपले टिळक! 1917 साली मिशनची नोकरी सोडून नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही होते. बनियन झाला, टिळक झाले, मला वाटलं सभा जिंकली.

माझ्या बाजूने बोटांवर मोजण्याइतके हात वर झाले. आमच्या मंडळीचे एक वडील उठून म्हणाले, “पाळकसाहेब, आजींनी बाप्तिस्मा मागितलाय, सवलत नाही मागितली.” मग उन्हं कडक होईपर्यंत थांबायचं ठरलं. पुनरुत्थानाच्या रविवारी भर दुपारी बदलापूरजवळ उल्हास नदीच्या उथळ पाण्यात चार तरुण पोरांनी आजींना हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची पाण्यात नेली आणि मी म्हणायचं ते म्हणून होताच खुर्चीसकट मागे कलंडवली. वर आल्याबरोबर, आम्ही आमेन म्हणायच्या आत, आजी म्हणाल्या, “नाकात पाणी गेलं की रे मेल्यांनो!” आणि हसत सुटल्या.

आजींचा आनंद मी पाहिला. तरीही तुम्हाला सांगतो, बनियनचंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. सभा माझ्या विरोधात गेली म्हणून सभेचं खरं ठरत नाही. पण ठराव झाल्यावर खुर्ची धरायला पाण्यात उतरावं लागतं, आणि तोंड वाकडं न करता उतरावं लागतं. हे कुठल्याही पेपरात विचारत नाहीत.

आषाढात आमच्या मंडळीत येणारा एक माणूस गेला. गिरणीतून निवृत्त झालेला. कित्येक वर्षं शेवटच्या बाकावर बसायचा आणि भजनाला ढोलकी धरायचा. बाप्तिस्मा त्याने घेतला नाही. थोरला भाऊ माळकरी, तो दुखावेल एवढंच कारण तो सांगायचा. मीही पुन्हा विचारलं नाही. भावांनी त्याला अग्नी दिला. मी स्मशानभूमीत एका बाजूला उभा होतो. दफनाची प्रार्थना मला पाठ आहे, पण तिथे माझं काही काम नव्हतं. सगळं आटोपल्यावर थोरला भाऊ माझ्याकडे आला. म्हणाला, “दर रविवारी तुमच्याकडंच असायचा. तुमचंही काही असंल ते म्हणा.” मी प्रार्थना केली. तो हात जोडून शेजारी उभा राहिला.

पुढे वर्षातल्या मृतांची स्मरणयादी करताना सभेत त्याचं नाव आलं. कुणी मत मागितलं नाही, कुणी हात वर केला नाही, सचिवांनी नाव लिहून टाकलं. म्हणजे जी सवलत खुर्चीतल्या आजींना मिळाली नाही, ती मेलेल्या ढोलकीवाल्याला बिनबोभाट मिळाली. मी गप्प राहिलो. मंडळी तर्कशास्त्राच्या तासाला बसलेली नसते.

तिसरी गोष्ट अजून संपलेली नाही. अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा. पवित्र शास्त्र माझ्यापेक्षा बारकाईने वाचतो. त्याला बाप्तिस्मा घ्यायचाय आणि त्याची आई घाबरली आहे. 1950 चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश तुम्हाला ठाऊक असेल. आरंभी तो हिंदूंपुरता होता, 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. बाप्तिस्मा झाला की जातीच्या दाखल्यावर मिळणारी शिष्यवृत्ती आणि पुढची राखीव जागा जाण्याची भीती. जात मात्र कुठे जात नाही, ती कबरस्तानापर्यंत सोबत येते. आपल्या मंडळ्यांमधली जुनी गाऱ्हाणी ज्यांनी ऐकलीत त्यांना वेगळं सांगायला नको. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि ते मी कुठेही बोलेन.

तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी कायदा जसा आहे तसा त्याच्यापुढे ठेवला. गुपचूप बाप्तिस्मा घे आणि दाखलाही ठेव, असं सुचवलं नाही. सगळं सोडून ये, असंही म्हटलं नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा न बसता दुसऱ्याच्या मुलाला त्याग शिकवणं फार सोपं असतं. मंडळीतल्या काहींना मी कचखाऊ वाटलो. पण आमच्या पूर्वजांनी ज्यासाठी मार खाल्ला ते नेमकं हेच. थॉमस हेल्विसने 1612 साली पुस्तक लिहून इंग्लंडच्या राजाला सुनावलं, की प्रजेच्या आत्म्यावर तुझी सत्ता नाही. आणि ही मोकळीक त्याने ज्यू, मुसलमान, पाखंडी सगळ्यांसाठी मागितली. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, 1616 पर्यंत तो गेला होता. राजाला जे करू दिलं नाही, ते पाळकाने का करावं? मुलगा अजून विचार करतोय. रविवारी येतो, प्रभुभोजनाची ताटं पुढे सरकवतो आणि स्वतः घेत नाही.

वर्षाच्या अहवालात ‘बाप्तिस्मे’ नावाचा रकाना असतो. आमच्या रकान्यात यंदा आजी आहेत. आकडा विचारणारे तुम्हालाही भेटतील. त्यांना बाप्तिस्त मिशनरी विल्यम कॅरीची आठवण करून द्या, कारण तुमची पदवी त्याच्याच घरची आहे. त्याने साथीदारांसह काढलेलं सेरामपूरचं कॉलेज 1818 सालचं, पदव्या देण्याची सनद 1827 साली डेन्मार्कच्या राजाने दिलेली. तो कॅरी 1793 साली बंगालात उतरला आणि कृष्ण पाल नावाच्या सुताराला त्याने नदीत बाप्तिस्मा दिला तो 1800 च्या डिसेंबरात. मधली सात वर्षं अहवालात काय लिहिलं असेल? पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवू लागला. त्याचं मराठीचं व्याकरण 1805 साली निघालं आणि कोश 1810 साली. त्यामागे वैजनाथशास्त्री नावाचे पंडित होते, ते ख्रिस्ती नव्हते. कॅरीने मराठीत जे छापलं त्यावर त्यांचाही हात फिरलेला आहे.

कॅरीची गोष्ट सांगणारे त्याच्या बायकोपाशी येऊन घाई करतात. डोरोथीने इथे येऊन पाच वर्षांचं मूल पुरलं, तिचं मन बिघडलं, आणि शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरं करत असताना ती बरीच वर्षं खोलीत बंद राहिली. 1807 साली ती गेली. तुमच्यातले जे संसार थाटणार आहेत त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. यंदा माझ्या पत्नीने सभेत उठून महिन्यातला एक रविवार मागितला, चहा-नाश्ता, संडे स्कूल, पेटी, सगळ्यातून सुट्टी. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या रविवारी ती कुठे जाते ते मी विचारत नाही.

पुढच्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेवर माझी मुदत वाढवायची की नाही हाही विषय आहे. त्या चर्चेच्या वेळी पाळकाला बाहेर थांबावं लागतं, म्हणजे तेवढ्यापुरतं ते एक मतही नाही. खुर्ची धरणारी पोरं बहुतेक माझ्या बाजूने आहेत. मंडळीच्या वडिलांचं सांगता येत नाही, कारण हॉल बदलण्यावरून आमचं वाजलं आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला बाप्तिस्त मंडळीत सेवा करायची इच्छा असेल, तर सोमवारी आमच्या सचिवांना फोन करून बघायला हरकत नाही. पोहता येत असेल तर तेही सांगा.