'द शायनिंग'चं हॉटेल नेमकं कुठे?

स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९८० चा थरारपट 'द शायनिंग' पाहिलेले पुष्कळ रसिक अमेरिकेत गेले की त्यातलं हॉटेल शोधतात. ते एका जागी सापडत नाही. बाहेरून दिसणारी बर्फातली इमारत म्हणजे ऑरेगन राज्यातला, माउंट हूडवरचा टिंबरलाइन लॉज. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून तो उभा राहिला. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचं लोकार्पण केलं. तिथलं दगडालाकडाचं हातकाम डोळे भरून पाहावं असं आहे. आतले लांबलचक कॉरिडॉर मात्र इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारले होते! हा चित्रपट स्टीफन किंग यांच्या ज्या कादंबरीवर बेतला, तिच्यातली भयाण खोली २१७ क्रमांकाची. पुढे ती घ्यायला पाहुणे धजणार नाहीत, या काळजीनं लॉजनं बदल सुचवला आणि पडद्यावर २३७ आली. या क्रमांकाची खोली लॉजमध्ये नाहीच.

कादंबरीची ठिणगी पडली ती कोलोरॅडोत, एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात. १९७४ मध्ये स्टीफन किंग पत्नीसह तिथे उतरले, तेव्हा हंगाम संपत आल्यानं हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. त्यांची खोली २१७च. दोन्हींपैकी एकच बघणं शक्य असेल, तर मी आधी इथेच जायला सांगेन. त्या खोलीला मागणी फार, तेव्हा आरक्षण बरंच आधी करा.