पाळी जाताना गळ्याकडेही बघा

मागच्या वेळी पाळी जाण्याबद्दल बोललो. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं, चिडचिड, सगळं झालं. आज त्याच्याच जोडीला थायरॉइड घेऊ. कारण दोघांची लक्षणं डाळीतल्या खड्यासारखी मिसळतात, घरच्या घरी निवडता येत नाहीत.

आपल्याकडे पाळी बहुतेक ४५ ते ५० च्या दरम्यान जाते. थायरॉइडचा त्रासही वाढत्या वयात जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायांना कितीतरी जास्त. गळ्यात समोरच्या बाजूला, गळसरी टेकते तिथे, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शरीराचं काम किती वेगाने चालावं हे तिच्या रसावर ठरतं. रस कमी पडला की सगळं मंद होतं: थकवा, वजन वाढणं, केस गळणं, कोरडी कातडी, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा. रस जास्त झाला की उलट: छातीत धडधड, हाताला कंप, खाऊनही वजन घटणं, घाम. आता यातली किती लक्षणं आपण पाळीच्या खात्यात टाकतो? घरचे म्हणतात वय झालं, आणि आपणही मान डोलावतो.

थोडी खूण सांगते. पाळी जातानाची गरमी झळेसारखी येते, तोंड-मान तापते आणि काही मिनिटांत उतरते. थायरॉइड वाढला असेल तर गरमी दिवसभर राहते, शांत बसल्यावरही नाडी जोरात चालते. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, सगळं घर कूलरसमोर सरकलेलं आणि एकटी बाई ताप नसताना पांघरूण मागते, तर तिला हसू नका. तिचं रक्त तपासून घ्या.

आता अंगावरून जास्त जाण्याचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थायरॉइड कमी असला तरी रक्तस्राव वाढू शकतो. त्यावर बाईला पुष्कळदा एकच उपाय सांगितला जातो: पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळ्या थायरॉइडच्या होत्या असं मी म्हणत नाही. काही वेळा ऑपरेशन लागतंही. पण सही करण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, सोनोग्राफी झाली, थायरॉइड तपासला का?’ हे विचारायला शिक्षण लागत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी थायरॉइडची वाट न पाहता आधी बाईच्या डॉक्टरांना दाखवा.

तपासणीचं नाव टी.एस.एच. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नसेल तर ग्रामीण रुग्णालय, नाहीतर नागपूरला मेडिकल किंवा मेयो. एक उलटं लक्षात ठेवा: थायरॉइडचा रस कमी असला की टी.एस.एच.चा आकडा वाढतो. आकडा थोडाच वाढलेला असेल तर डॉक्टर लगेच गोळी देतीलच असं नाही, काही आठवड्यांनी परत तपासतात.

गोळी सुरू झाली, तर ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्याला हेच जड जातं, मला माहीत आहे! रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियम चार तासांनी, कारण ते सोबत घेतलं तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सोयाबीनचंही तसंच. आपल्या विदर्भात सोयाबीन घरचं, वड्या खा, पण गोळीच्या वेळेला नको.

बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका, आणि शेजारणीची गोळी घेऊन बघू नका. मात्रा जास्त झाली तर हृदयाची धडधड वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पाळी गेल्यावर हाडं तशीही झिजतच असतात. मात्रा बदलली की दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, कूलरच्या ओलाव्यातही नको. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा.

मीठ आयोडीनचंच वापरा, डब्याला झाकण लावा. पण जास्त मीठ खाऊन थायरॉइड बरा होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

पुढच्या वेळी हाडांबद्दल बोलू. गटाच्या बैठकीत कोणाचे प्रश्न निघाले तर लिहून आशाताईंकडे द्या.