इंजिनाची उंची आणि समुद्रगवत

टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर लगुना माद्रे नावाचं खाडीसारखं लांबलचक पाणी आहे. एका अंगाला मुख्य भूमी, दुसऱ्या अंगाला पाद्रे बेटाची वाळू. सरासरी खोली जेमतेम मीटरभर. तळाला समुद्रगवत, गवतात कोळंबी आणि चिंबोऱ्या, आणि त्यांच्या मागावर आलेला तांबूस रेड ड्रम मासा. हा मासा गुडघाभर पाण्यातही चरतो. त्यामुळे गळकऱ्यांना होडी तिथवर न्यावीच लागते.

होडीचा तळ सपाट असला की वीतभर पाण्यावरही ती तरंगते. अडतो तो तळाच्या खाली लोंबणारा इंजिनाचा पाय. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आउटबोर्ड इंजिन बाजारात आणलं, तेव्हा ते शिकंज्यानं होडीच्या मागच्या फळीला आवळलं जायचं. फळी जेवढी उंच तेवढीच इंजिनाची उंची. जॅक प्लेट ही अडचण सोडवते. फळी आणि इंजिन यांच्यामध्ये ही धातूची चौकट बसते. तिचा एक भाग फळीला पक्का असतो, दुसरा इंजिनासकट वर-खाली सरकतो. साध्या प्लेटची उंची बोल्ट सैल करून बदलावी लागते; हायड्रॉलिक प्लेटची उंची चालत्या होडीत, बटण दाबून बदलता येते.

कुणी म्हणेल, इंजिन तिरकं करून पंखा वर घेता येतोच की! येतो. पण मग पंख्याचा जोरही तिरका होतो, होडीचं नाक वर उठतं, मागची बाजू दबते, आणि नेमकं जिथे पाणी कमी तिथेच होडी खोल बसते. जॅक प्लेट इंजिनाला सरळ उभं वर नेते, त्यामुळे जोर आडवाच राहतो. दुसरा फायदा इंजिन मागे सरकण्याचा. या प्लेट्स इंजिनाला साधारण ४ ते १२ इंच मागे नेतात. होडीच्या तळाखालून दबून निघालेलं पाणी मागे येताच वर चढतं; तिथे पंखा थोडा उंच ठेवला तरी त्याला भरीव पाणी मिळतं. पायाचा कमी भाग पाण्यात राहिला की अडथळाही घटतो.

मात्र याला मर्यादा आहेत, आणि त्या डावलून प्लेट बसवलेली मला मुळीच पटत नाही. इंजिन फार वर गेलं की पंखा हवा ओढतो, वळणावर पकड सुटते, इंजिन नुसतंच भरधाव फिरतं. त्याहून वाईट म्हणजे, थंड करणारं पाणी ज्या छिद्रांतून आत जातं तीच उघडी पडतात. म्हणून प्लेट बसवण्याआधी पाण्याच्या दाबाचा काटा बसवावा. एकेक खूण इंजिन वर घ्यावं. दाब घसरला की लगेच खाली आणावं. फळीही तपासायला हवी. १५० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन २०० किलोंच्या पुढे भरतं. तेवढं वजन मागे सरकलं की फळीवरचा पीळ वाढतो, आणि आतलं लाकूड कुजलं असेल तर ती फळी तो सोसणार नाही.

आता गवताकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. पळती होडी पाण्याच्या वरच्या थरावर असते. थांबलेली होडी सुटताना मात्र मागून खाली बसते, आणि पंख्याला चांगली पकड हवी म्हणून इंजिनही खाली घ्यावं लागतं. म्हणजे पळायला पुरणारं पाणी सुटायला पुरत नाही. हा हिशोब ज्यानं केला नाही, त्याचा पंखा गवत मुळासकट उपटतो. तळावर उरलेला चर भरून यायला कित्येक वर्षं जातात. टेक्सासमध्ये रेडफिश बे या भागात २००६ पासून पंख्यानं समुद्रगवत उपटायला बंदी आली आणि २०१३ मध्ये ती राज्याच्या सगळ्या किनारी पाण्याला लागू झाली. जॅक प्लेटनं होडी अधिक उथळात पोचते, म्हणून ती वापरणाऱ्यावर जबाबदारीही अधिक. तिथले जाणते नाखवे थांबण्याआधीच परतीचा विचार करतात: गवताच्या मधला वाळूचा खोलगट डाग हेरून तिथेच होडी उभी करतात, आणि तसा डाग जवळ नसेल तर इंजिन बंद ठेवून खोल पाण्यापर्यंत बांबूनं होडी रेटत नेतात.