परतीचे वचन : परदेशातील मोटारसायकल-प्रवासाची पूर्वतयारी

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत झालेल्या व्याख्यानाची संहिता)



१८५७ साली कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानाकडे पायी निघाले. घरची स्थिती ओढगस्तीची होती. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. त्या काळी कोकणातल्या कुटुंबाला उत्तरेचा मुलूख परदेशाहून वेगळा नव्हता. वडिलांची परवानगी मिळाल्यावरच त्यांनी उंबरा ओलांडला. पुढे बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, लुटालूट असे सारे त्यांच्या वाट्याला आले. मिळवलेले द्रव्य गेले. मात्र ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आज मराठीचे भूषण आहे, तो या परतण्यामुळे. न परतलेल्या प्रवाशाची हकीकत कोण लिहिणार?

यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा मार्ग कापून १८ मार्च १९२८ रोजी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मुंबईत परत आले. सायकलींवर त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले होते. त्यांच्या प्रवासग्रंथाला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. निघालेल्या सहांपैकी तिघांनीच प्रदक्षिणा पुरी केली, ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली. २००६ मध्ये विशाखापट्टणमचे भारद्वाज दयाला भारतीय बनावटीच्या मोटारसायकलीवर एकटेच जगप्रदक्षिणेला निघाले आणि पुढील वर्षी परतले. आता महाराष्ट्रातूनही तरुण-तरुणी असे प्रवास करू लागले आहेत. त्यांची छायाचित्रे पाहून अनेक घरांत मुलांच्या मनात एक इच्छा आणि पालकांच्या मनात एक भीती एकाच वेळी उत्पन्न होते. इच्छा खोटी नाही आणि भीतीही खोटी नाही. या दोहोंचा मेळ घालणाऱ्या गोष्टीचे नाव पूर्वतयारी. तिची कागदपत्रे, यंत्र, शरीर आणि घर ही चार अंगे एकच प्रश्न विचारतात : हा माणूस परत येणार आहे काय?

प्रथम कागदपत्रांचा विचार करू. दिल्लीकरांना याबाबत एक सोय आहे. बहुतेक देशांचे दूतावास चाणक्यपुरीत आणि तिच्या आसपास आहेत. व्हिसा अर्जात परतीचा बेत, बँकेतील शिल्लक, नोकरीचे पत्र हे सारे मागतात ते कशासाठी? पाहुणा ठरल्या दिवशी निघून जाईल, याची खात्री पटावी म्हणून.

माणसाचा व्हिसा असतो, तसा वाहनाचाही एक दस्तऐवज असतो. त्याला ‘कार्ने द पासाज’ म्हणतात. वाहन परक्या देशात नेऊन विकले तर तेथील सरकारची जकात बुडते. म्हणून ‘वाहन विकणार नाही, परत बाहेर काढीन’ असे वचन प्रवासी देतो आणि त्या वचनापोटी अनामत रक्कम अथवा बँकेची हमी ठेवतो. भारतात ही पुस्तिका मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग सीमाशुल्क अधिकारी काढून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा शिक्क्यांसह प्रवाशाजवळ राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर वाहन त्याच देशात आहे असे कागदोपत्री ठरते आणि अनामत अडकते. थकलेला प्रवासी संध्याकाळी सीमेवर घाई करतो आणि नेमका तोच शिक्का विसरतो. इराणसारख्या देशांत ही पुस्तिका लागते; युरोपातील बहुतेक देशांत लागत नाही. त्यामुळे मार्ग ठरल्याशिवाय तिचा खर्चही ठरत नाही.

वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि मूळ परवान्यावाचून त्याला अर्थ नसतो. चीनमध्ये तो चालत नाही. तेथे परदेशी वाहनाला तात्पुरता चिनी परवाना, चिनी क्रमांक आणि सोबत अधिकृत मार्गदर्शक घ्यावा लागतो. वाहनाच्या मागे पांढऱ्या लंबगोलावर काळ्या रोमन अक्षरांत ‘आयएनडी’ हे देशचिन्ह लावायचे असते.

विम्याच्या कागदातील बारीक अक्षरे मात्र फारच थोडे लोक वाचतात. भारतातील वाहनविमा भारताच्या हद्दीपुरताच असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान इतक्याच देशांपर्यंत वाढवता येतो. त्यापलीकडे त्या त्या देशाचा विमा सीमेवर अथवा आधी घ्यावा लागतो.

कागद किती जपावेत, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. २०२५ साली मुंबईहून मोटारसायकलीवर इंग्लंडपर्यंत पोहोचलेले योगेश आलेकरी यांची मोटारसायकल नॉटिंगहॅम येथे चोरीस गेली; तिच्याबरोबर पासपोर्टही गेला. पुढे तेथील एका व्यावसायिकाने त्यांना दुसरी मोटारसायकल देऊ केली, ही माणुसकीची बाजू. धडा मात्र स्पष्ट आहे : पासपोर्ट आणि पैसे वाहनावर न ठेवता अंगावर बाळगावेत, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी, एक सामानात, एक मोबाइलबाहेर सुरक्षित अशी असावी.

एवढा व्याप पाहून कोणी दडपून जाऊ नये. दिल्लीकराला सरावासाठी जवळच एक परदेश लाभला आहे. राजधानीपासून सुमारे ३३० किलोमीटरवर, उत्तराखंडातील बनबसा येथे, शारदा नदी ओलांडली की नेपाळ लागतो. तेथे त्याच नदीला महाकाली म्हणतात. भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही. पासपोर्ट अथवा मतदार ओळखपत्र पुरते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. वाहनासाठी ‘भन्सार’, म्हणजे जकात, भरून जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांची पावती घ्यावी लागते आणि वाहतुकीचा परवाना काढावा लागतो. वाहन दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे अधिकारपत्र जवळ असावे. कार्नेची जाडी पुस्तिका नाही, पण तत्त्व तेच : ठरल्या दिवशी बाहेर पडा, उशीर झाला तर दंड भरा.

येथे मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्याला एक अनपेक्षित लाभ होतो. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. पहिलीत गिरवलेली बाराखडी आयुष्यातल्या पहिल्या परदेशात दगडावरचे गावाचे नाव वाचून दाखवते. नेपाळीतला ‘बाटो’ आणि मराठीतली ‘वाट’ यांचे नाते सांगायला कोशाची गरज पडत नाही. मात्र ओळखीची लिपी फसवतेही. ‘पहिरो’ म्हणजे दरड, हे ठाऊक नसेल तर पावसाळ्यात घाटातील सूचनाफलक वाचूनही कळणार नाही. पावतीवरील तारीख विक्रम संवतातील असू शकते. तो संवत इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे असतो आणि महिनेही वेगळे असतात. घड्याळ भारतापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. परदेश म्हणजे काय, हे या पंधरा मिनिटांतही कळते : सारे आपल्यासारखे दिसते, पण नियम त्यांचे असतात.

दुसरे अंग यंत्राचे. करोल बागेत नाईवाला भागात बुलेटची दुरुस्ती करणारी आणि सुटे भाग विकणारी दुकाने ओळीने आहेत. देशोदेशीचे प्रवासी तेथे येऊन गाड्या सिद्ध करून घेतात. प्रवासाला निघणाऱ्याने तेथे गाडी सोपवून घरी जाऊ नये. मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसावे. चाक काढणे, ट्यूब बदलणे, चेनचा ताण जुळवणे, क्लचची तार बदलणे, फ्यूज आणि स्पार्क प्लग तपासणे, इतकी कामे स्वतःच्या हाताने दोनदा केल्याशिवाय सीमा ओलांडण्याचा विचार करू नये. सुटे भाग निवडण्याची कसोटी साधी आहे : जो तुटला तर गाडी जागची हलत नाही आणि जो वाटेत मिळण्याची शक्यता नाही, तो बरोबर घ्यावा. क्लचची तार, ट्यूब, ब्रेक आणि क्लचचे दांडे, चेनची जोडकडी, फ्यूज, एवढे पुरे.

सामानाच्या बाबतीत बहुतेकांची चूक अधिक घेण्याची असते. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधाव्यात. मागे उंचावर चढवलेले ओझे पुढचे चाक हलके करते आणि वळणावर गाडी आपले ऐकेनाशी होते. सारे सामान बांधून एक रंगीत तालीम करावी. दिल्लीहून कुमाऊँच्या डोंगरात दोन दिवस जाऊन यावे. परतल्यावर ज्या वस्तूंना हात लागला नाही त्या बाजूला काढाव्यात. औषधे आणि पावसाळी कपडे मात्र या नियमाला अपवाद.

तिसरे अंग शरीराचे. मोटारसायकलस्वाराला लोखंडी सांगाड्याचा आधार नाही. त्याचे संरक्षण अंगावरच असते. भारतीय मानक चिन्हाचे, हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट, कोपर-खांद्यांना गाद्या असलेले जाकीट, घोट्यापर्यंत बूट आणि हातमोजे यांत काटकसर करू नये. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. दिल्लीत मंदिर मार्गावरील आंतरराष्ट्रीय लसीकरण केंद्रात ती मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आता आजन्म ग्राह्य असते. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्याला हे दहा दिवस महाग पडतात. दिल्लीतून निघण्याचा हंगामही पाहावा. पौषातले दाट धुके आणि ज्येष्ठातली लू ही दोन्ही पहिल्याच दिवशी परीक्षा घेतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम कोणत्याही दुकानात मिळत नाही : अंधार पडण्यापूर्वी थांबणे. परक्या मुलखात रात्री रस्त्यावर दिवा नसलेली बैलगाडी, गुरे, खड्डा, वाळू, काहीही असू शकते. ‘आणखी पन्नास किलोमीटर’ हा मोह आवरणे, ही तयारी मनाची आहे आणि ती घरी बसून करता येत नाही.

आता चौथे अंग, घर. याविषयी बोलताना प्रवासी संकोचतात आणि पालक अबोल होतात. निघण्यापूर्वी एक लिफाफा घरात ठेवावा. त्यात कागदांच्या प्रती, रक्तगट, विम्याचे तपशील, बँकेतील वारसनोंद, मार्गाचा नकाशा आणि त्या देशांतील भारतीय वकिलातींचे दूरध्वनी असावेत. तो लिफाफा घरच्यांसमोर उघडून समजावून सांगावा. आईच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्यावे. अपघाताची शक्यता उच्चारल्याने अपघात होत नाही. न उच्चारल्याने मात्र घर अंधारात राहते. संपर्काची वेळ ठरवताना ‘रोज फोन करीन’ असे वचन देऊ नये. डोंगरात नेटवर्क नसते आणि मोडलेले वचन घरच्यांची झोप उडवते. ‘अठ्ठेचाळीस तासांत निरोप आला नाही, तर या क्रमांकावर चौकशी करावी’ असा करार पाळता येतो.

पालकांचेही एक कर्तव्य आहे. सज्ञान मुलाला नुसते ‘जाऊ नकोस’ म्हटल्याने तो थांबतोच असे नाही; कित्येकदा तो अर्धी तयारी लपवून निघतो आणि तेच धोक्याचे. त्यापेक्षा पालकांनी प्रश्न विचारावेत : विमा कोठवर आहे? पंक्चर काढता येते का? माघार कधी घ्यायची, हे ठरले आहे का? या प्रश्नांची उत्तरे देता आली तर होकार द्यावा. देता आली नाहीत तर प्रवास पुढे ढकलावा. ढकललेला प्रवास पुन्हा करता येतो.

माघारीबद्दलही एक शब्द. १९२३ च्या त्या सहांपैकी जे अर्ध्या वाटेवरून परतले, त्यांना कोणी भित्रे म्हणू नये. दरड कोसळलेली पाहून, ताप चढलेला पाहून, सीमेवरचे वातावरण बिघडलेले पाहून जो गाडी वळवतो, त्याने आपले वचन पाळलेले असते. कार्नेच्या पानावर शेवटी एकच शिक्का महत्त्वाचा असतो, आणि तो बाहेर पडल्याचा असतो.

या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज किती तरी देशांत आहेत. काही विमानाने गेली, काही उद्या दोन चाकांवर जातील. शाळा निरोप देताना जे देते, ते वजनाला हलके असते : वाचता येणारी लिपी, विचारता येणारा प्रश्न, पाळता येणारा शब्द. वरसईच्या भटजींजवळही याहून फारसे अधिक नव्हते. तरीही ते गंगेची कावड घेऊन आले. येथून निघणाऱ्या प्रत्येकाने दूर जावे, पाहावे, शिकावे. आणि परतल्यावर या आवारात येऊन, कोणत्या वळणावर गाडी थांबवली होती, हे धाकट्यांना सांगावे.