झोतावर चालणारी होडी

श्रोतेहो, ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्याला आजचा विषय अर्धा आधीच ठाऊक आहे. विहिरीतला तो फूट-व्हॉल्व्ह, आपल्याकडे त्याला सरसकट ‘फुटबॉल’ म्हणतात, त्याची जाळी पाल्याने बुजली की पंप नुसता फिरतो, पाणी येत नाही. जेट मोटारीच्या होडीचे मुख्य दुखणे हेच. फरक एवढाच, की विहिरीवर पाट कोरडा राहतो आणि नदीत तुम्ही भर धारेत अडकता.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार पुष्कळांनी पाहिली असेल. तिचा पंखा उथळ पाण्यात खडकावर आपटतो. जेट मोटारीत तो काढून तेथे पंप बसवलेला असतो. तळाशी जाळीतून पाणी आत येते, इंपेलर ते मागच्या तोंडातून जोराने फेकतो, आणि होडी पुढे सरते. शिक्षकांनी वर्गात फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून दाखवावा. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना लगेच कळेल.

ही युक्ती उथळ नद्यांत नावारूपाला आली ती न्यूझीलंडमध्ये. विल्यम हॅमिल्टन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी आणि पक्का कारागीर. त्याने १९५० नंतरच्या दशकात तिथल्या गोट्यांच्या नद्यांत अशा होड्या चालवल्या. १९७७ साली एडमंड हिलरी तशाच तीन होड्या घेऊन गंगासागराहून गंगेतून वर निघाले. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले. त्या होड्यांची इंजिने पोटात होती, आपण बोलतो आहोत ती मागे अडकवायची मोटार, पण तत्त्व एकच.

फुकट मात्र काही मिळत नाही. पंप शक्ती खातो. ५० अश्वशक्तीच्या इंजिनाला जेट बसवला की कामाला ३५ च्या आसपास उरते. म्हणून माणसे मोजूनच बसवावीत.

आता चालवण्याचे बघा. या होडीला सुकाणू नाही. झोत वळेल तशी होडी वळते. झोत नाही तर वळण नाही. समोर खडक दिसला की माणसाचा हात आपोआप मागे येतो, वेग बंद होतो, आणि होडी सरळ त्या खडकाकडेच जाते! तेथे वेग थोडा ठेवूनच वळवावे लागते. हे ऐकून येत नाही, हाताला सवय लागावी लागते. ती रुंद, संथ पाण्यात, रिकाम्या होडीने लावून घ्यावी.

निघताना गुडघ्याच्या वर पाणी असावे. होडी पाण्यावर चढून धावू लागली की वीतभर पाणीही पुरते; मात्र अशा जागी मध्येच वेग कमी केलात तर ती खाली बसते आणि जाळी गोटे ओढू लागते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. होडी उभी दिसली तरी इंजिन चालू असेपर्यंत इंपेलर फिरतच असतो आणि जाळी ओढतच असते. दोरी, पदर, पोहणाऱ्याचे केस, काहीही. पाण्यातला माणूस वर घेताना इंजिन बंद करावे. जाळी साफ करायला वाकण्यापूर्वी किल्ली काढून खिशात घालावी. आणि खिशाला बटण असू द्या, हं.

इंजिन ओरडते पण होडी ओढत नाही, असे झाले तर बहुधा जाळी बुजली आहे किंवा पंप हवा घेतो आहे. बंद करताच कधी गोटे आपोआप गळून पडतात. हवा घेत असेल तर मोटारीची उंची तपासा. जाळीच्या तोंडाची पुढची कड होडीच्या तळाशी सपाट जुळली पाहिजे. इंजिनाला थंड ठेवणारे पाणीही याच पंपातून जाते, तेव्हा बुजलेल्या जाळीने इंजिन तापते, हे विसरू नये. गोटा आत अडकला तर इंपेलरची मऊ चावी तुटते. ती तुटण्यासाठीच असते. एक जादा जवळ ठेवा.

निगा म्हणाल तर ग्रीस. बेअरिंगला दर दहा तासांच्या चालीनंतर, आणि दिवसाचे काम संपले की लगेच ग्रीस भरावे. बाहेर येणारे ग्रीस करडे दिसले तर आत पाणी शिरते आहे. सील आणि बेअरिंग पाहून घ्यावे. वाळूने इंपेलर झिजतो, त्याच्या कडा बोथट होतात. कडांना कानसीने धार द्यावी. इंपेलर आणि भोवतालचे कवच यांत फट साधारण ०.८ मिलिमीटर असावी. वाढली तर वॉशर इकडचे तिकडे करून इंपेलर आत सरकवता येतो. खाडीत चालवलीत तर गोड्या पाण्याने धुऊन काढा.

राहता राहिला पुराचा प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी होड्यांची किती गरज पडली, ते आपण पाहिले. तेथे जेट घ्यावा काय? मी तरी नको म्हणेन. पुराच्या पाण्यात उसाचा पाला, गवत, प्लास्टिकच्या पिशव्या; जाळी पुन्हा पुन्हा बुजणार, आणि तीही माणसे भरलेली असताना. तेथे पंख्याचीच मोटार, पंख्याभोवती पिंजरा बसवलेली, बरी. जेट ठेवावा तो स्वच्छ, उथळ, खडकाळ पाण्यासाठी.